सुर्वेबाईंनी न केलेली सही

सुर्वेबाई माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या त्या हातात चहाचा ग्लास घेऊन. ग्लासात दूध होतं आणि दुधात एक दात होता. मागे पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी ओढणीने तोंड दाबून उभी होती. ओढणी रक्ताने भिजलेली, आणि ती हुंदके देत होती. बाईंनी ग्लास टेबलावर ठेवला, मागे वळल्या आणि त्या मुलीच्या कानाखाली एक सणसणीत लगावली.

"रोती काहे को है? दाँत डॉक्टरसाब के पास आ गया. अब वो जानें."

मग माझ्याकडे वळून अगदी घरगुती मराठीत म्हणाल्या, "बसवा. मुळासकट आणलाय. वीस मिनिटंही झाली नसतील."

मी पार गारठलो. आमचं घराणं दख्खनेतून इथे उत्तरेत, संस्थानच्या दरबारी पूजाअर्चा सांगायला आलेलं. घरात कुणाचा आवाज चढला तरी आई आधी खिडक्या लावून घ्यायची. लष्कर नावाच्या इथल्या पेठेत, बाडा चौकापासून चार पावलांवर, चपलांच्या दुकानाच्या माडीवर माझा दवाखाना. तिथे रक्त पाहायची सवय होती, पण ते भूल देऊन काढलेलं. मी दात बसवता बसवता धीर करून विचारलं, "तिला मारलंत कशाला?"

"दात मी नाही पाडला," बाई म्हणाल्या. "तो तर रिंगमधल्या समोरच्या मोडीने पाडला. मी मारली ती रडल्याबद्दल." इथल्या बोलीत मुलीला मोडी म्हणतात.

दात टिकला. तेव्हापासून नऊ वर्षं बाईंच्या मुलींची तोंडं माझ्याकडे येत राहिली. फुटलेले ओठ, चिरलेली जीभ, हलणाऱ्या दाढा. मुष्टियुद्धात दात वाचवायला तोंडात जी रबरी पट्टी घालतात, तिला त्या मुली गमशील्ड म्हणत. ती प्रत्येकीच्या जबड्याचा साचा घेऊन मी फुकट करून द्यायची, असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला विचारलं नव्हतं. मला विचारून त्यांनी कधीच काही केलं नाही.

बाई गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. हृदय बंद पडलं, एवढं साधं. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे, पण सुर्वेबाईंबद्दल गोड बोलायचं म्हणजे खोटं बोलायचं. बाई मारकुट्या होत्या. ठेंगण्या, खांद्यांनी रुंद, नाक डावीकडे वाकलेलं. ते नाक तेरा वर्षांच्या असताना वडिलांनी मोडलं. वडील फौजेत सुभेदार, मुरारला राहत. मुलगा नव्हता म्हणून मुलीला ग्लव्ह्ज बांधले. एके दिवशी हिने हात खाली घेतला आणि त्यांनी ठोसा दिला. "बाबांनीच मोडलं आणि बाबांनीच जागच्या जागी दाबून बसवलं. इस्पितळात पण नाही नेलं," असं त्या कौतुकाने सांगत. मी एकदा म्हटलंही, की बाई, याला माया नाही म्हणत. त्या म्हणाल्या, "मग काय म्हणतात?"

किला गेटजवळ पत्र्याचं एक जुनं गोदाम त्यांनी मिळवलं होतं. आत रिंग, चार लोंबत्या बॅगा, एक हातपंप. जून महिन्यात तिथे उभं राहिलं तरी घाम पायांपर्यंत यायचा. बाई बोलायला मराठी वापरत आणि मारायला हिंदी. मुली त्यांना बाईसाब म्हणत, त्यात अर्धा आदर आणि अर्धी भीती. एकदा मोटरसायकलवरचे दोन तरुण रोज खिडकीशी थांबून मुलींवर शेरे मारायला लागले. बाईंनी त्यातल्या धिप्पाड पोराला प्रेमाने आत बोलावलं, स्वतः त्याच्या हातात ग्लव्ह्ज चढवले, म्हणाल्या, "आओ बेटा, एक राउंड." बाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. पोराने हसत हसत हात उगारला आणि पुढच्याच क्षणाला तो खाली होता. बाईंनी बरगडीखाली ठोसा मारला होता. पोराने तिथेच ओकारी केली. बाईंनी त्याच्याच शर्टाने ती पुसून घेतली आणि मग त्याला सोडलं.

त्यांचं एक वाक्य होतं: "मार खाल्ल्याशिवाय मत देऊ नये." मुष्टियुद्धावर कुणीही काही बोललं की हे वाक्य तोंडावर फेकलं जाई. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. नवी मुलगी आली की बाई तिच्यापुढे हात सोडून उभ्या राहत आणि तिचे तीन ठोसे दंडावर, खांद्यावर, पोटावर घेत. याला त्या 'तोलणं' म्हणत. कुठल्या मुलीला कुणाबरोबर लढवायचं, ती जोड या तोलण्यावरून ठरे. वजनाचा काटा कोपऱ्यात धूळ खात होता. "काटा हाडं मोजतो," बाई म्हणत, "मी हात मोजते." त्यांच्या अंगावर कायम कुठे ना कुठे काळं-निळं असे. इतक्या वर्षांत त्यांची जोड चुकलेली मी पाहिली नव्हती.

रश्मी आली ती या तोलण्याच्या पुढे येऊन उभी राहिली.

त्या दिवशी मी साचे घ्यायला गोदामातच होतो. एकोणीस-वीस वर्षांची, उंच, केस मागे घट्ट बांधलेले. मुरारला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करत होती. तिने आत येऊन आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाईसाब, मैं लडकी हूँ. पैदा हुई तो सबने लडका लिखा. दो साल से दवाई चल रही है. पहले लडकों में बॉक्सिंग करती थी, वहाँ से मारके भगा दिया."

"किसने मारा?"

"सबने."

"तूने नहीं मारा?"

"मारा. पर वो सात थे."

बाईंना हे उत्तर आवडलं, हे मला दिसलं. त्या हात सोडून उभ्या राहिल्या. रश्मीने तीन ठोसे दिले. बाई क्षणभर थांबल्या, दंड चोळला आणि म्हणाल्या, "ठीक है. कोमल के साथ लगेगी तेरी जोड." कोपऱ्यातल्या काट्यावर दोघींचं वजन सारखंच भरलं.

कोमल ही बाईंची सगळ्यांत तयार मुलगी. तिला जिल्ह्यात पहिलं यायचं होतं, मग राज्याला जायचं होतं, आणि तिथून खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात. तिच्या घरात या नोकरीखेरीज दुसरा विषय नव्हता. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी एका वजनगटात बाईंच्या गोदामातून एकच नाव जायचं. रश्मी आली आणि एका नावाला दोघी झाल्या.

गोदामात दोन तट पडले. मी माझ्या फोनवर या विषयावरचं बरंच वाचलं होतं आणि जितकं वाचलं तितका गोंधळलो होतो. मुलींना वाचायची गरज नव्हती. एक म्हणे, "वो हमारे साथ कपडे बदलती है, हमारे साथ रोती है, तो लडेगी किसके साथ?" दुसरी म्हणे, "हड्डी तो पहले की है ना. दवाई से हड्डी छोटी होती है क्या?" त्यावर पहिली म्हणे, कोमलचा हात पण माझ्यापेक्षा चार बोटं लांब आहे, त्याचं काय? यावर दोघींची झोंबाझोंबी झाली, केस उपटले गेले आणि बाईंनी दोघींना पाण्याची बादली डोक्यावर ओतून वेगळं केलं. दोघींचंही म्हणणं मला खरं वाटत होतं. अजूनही वाटतं.

स्पर्धा भरवणाऱ्यांकडे बाई स्वतः जाऊन आल्या. तिथल्या सेक्रेटरीने हसत हसत सांगितलं, की नियम कुठे एक आहेत, कुठे दुसरे. आपण कशाला डोकं लावायचं? फॉर्मवर प्रशिक्षकाच्या शिफारशीची जागा आहे. "आप दस्तखत कर दो बाईसाब, हम मान लेंगे. नहीं करोगी, तो आपकी ना मान लेंगे." एवढ्या मोठ्या भांडणाचा निकाल त्या माणसाने एका रेघेवर आणून ठेवला आणि ती रेघ बाईंच्या पुढे सरकवली. रश्मीला हे कळलं तेव्हापासून ती फॉर्म भरून, घडी घालून रोज जवळ बाळगू लागली. रिंगमध्ये मुलगी म्हणून पंचाने तिचं नाव पुकारावं, एवढंच तिला हवं होतं. पदकाबद्दल ती कधी बोलली नाही.

फॉर्मची तारीख तीन दिवसांवर आली तेव्हा बाईंनी कोमल आणि रश्मीची तीन राउंडची लढत लावली. दोन राउंड कोमल मारत होती आणि रश्मी झेलत होती. मी बाहेर गमशील्डचा डबा घेऊन उभा. तिसऱ्या राउंडला कोमल जवळ गेली आणि रश्मीच्या कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली ते दोघींनीही पुढे कुणाला सांगितलं नाही. मग कोमलने डोकं खाली घालून रश्मीच्या तोंडावर धडक दिली. रश्मीचा ओठ फाटला. आणि रश्मीने उजवा हात फिरवला.

तो आवाज मला व्यवसायामुळे ओळखू आला. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. कोमल आडवी पडली आणि तिचे पाय थरथरायला लागले. तोंडातून रक्त आणि त्याबरोबर दोन दात बाहेर आले. मुली किंचाळत होत्या. रश्मी स्वतःच्या हाताकडे बघत "मैंने नहीं, मैंने नहीं" म्हणत भिंतीपर्यंत मागे सरकली. मी रिंगमध्ये चढून कोमलचं डोकं कुशीवर वळवलं, म्हणजे रक्त घशात जाणार नाही. मान वर केली तर बाई जागच्या हलल्या नव्हत्या. मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडलो असेन. "बघत काय बसलात? ही जोड तुम्ही लावलीत!"

"हो," त्या म्हणाल्या.

इस्पितळात सर्जनने कोमलचा जबडा तारांनी बांधला तेव्हा मी शेजारी होतो. सकाळी गोदामात गेलो ते बाईंना कोमलची खबर द्यायला. बाई रिंगमध्ये होत्या, समोर रश्मी. दुसरं कुणी नव्हतं.

"पहले दिन तूने मुझे पूरा नहीं मारा था," बाई म्हणत होत्या.

रश्मी मागे सरकली.

"बोल."

"पूरा मारती तो आप रखतीं मुझे?"

बाईंनी तिच्या थोबाडीत दिली. "अब मार. पूरा."

"नहीं."

दुसरी बसली, पहिलीपेक्षा जोरात. तिसरी. रश्मीच्या कालच्या फाटलेल्या ओठातून पुन्हा रक्त आलं. मी "बाई, पुरे," म्हणत पुढे झालो तर माझ्याकडे न बघता त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चौथ्या थपडीला रश्मी रडत रडत, ओरडत पुढे आली आणि बाईंच्या बरगड्यांवर तो उजवा हात बसला. बाई दोरांवर आपटल्या आणि बसल्या. श्वास आत जाईना. चेहरा पांढराफटक. मी धावलो. बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं.

"कळलं," त्या म्हणाल्या. काय कळलं ते मी विचारलं नाही. दोन बरगड्यांना तडा गेला होता, हे नंतर एक्सरेत दिसलं.

बाईंना एक्सरेला न्यायला मी ऑटो बोलवायला बाहेर आलो आणि समोरून कोमलचे दोन भाऊ आणि त्यांच्याबरोबरची चार माणसं येताना दिसली. हातात काठ्या, एकाकडे लोखंडी गज. "कहाँ है वो?" थोरल्या भावाने विचारलं. पुढे तो रश्मीबद्दल जे बोलला ते मी लिहिणार नाही. मी दाराशी आडवा उभा राहिलो असं सांगायला मला फार आवडेल. मी बाजूला झालो.

पुढची पाच मिनिटं मी खिडकीतून पाहिली. बाई एका हाताने बरगड्या धरून दाराच्या आत उभ्या होत्या. "कोमल का जबडा मेरी गलती है," त्या म्हणाल्या. "मुझे मारो." त्यांना बाईंना मारायचं नव्हतं. त्यांनी बाजूने आत घुसायला पाहिलं आणि पहिला जो घुसला त्याच्या नाकावर बाईंचं कोपर बसलं. मग काठी बाईंच्या डोक्यात पडली. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त आलं, आणि त्या आंधळ्यासारख्या समोर हात चालवत राहिल्या. मागून रश्मी धावत आली. तिने गजवाल्याचा हात धरून पिरगळला. तो हात मोडल्याचंही मला ऐकू आलं. एकाने तिला केसांनी धरून खाली पाडलं आणि दोघं लाथा मारायला लागले, पोटात, पाठीत. बाई तिच्या अंगावर आडव्या पडल्या. त्यांच्या मोडक्या बरगड्यांवर लाथा बसत होत्या, आणि प्रत्येक लाथेला त्या तिच्या कानात ओरडत होत्या, "हाथ ऊपर रख! मुँह बचा! मुँह बचा!" शेवटी शेजारच्या दुकानांतली माणसं धावली तेव्हा ते पळाले.

बाईंच्या कपाळाला अकरा टाके पडले. पुढचे तीन दात गेले होते. इतकी वर्षं माझ्याकडे येऊनही स्वतःच्या तोंडाला त्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. दोन दिवसांनी त्या माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि मी मुळाचे तुकडे काढत होतो, तेव्हा रश्मी जिना चढून आली. एक डोळा सुजून बंद झालेला. तिने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. त्यावर वाळलेलं रक्त होतं. फॉर्म द्यायचा तो शेवटचा दिवस.

मला वाटलं, आता सही होणार. ज्या पोरीवर आडवी पडून लाथा खाल्ल्या, तिला ही बाई नाही म्हणणार कशी?

बाईंनी तोंडातला कापूस काढला. फॉर्म हातात घेऊन पूर्ण वाचला. मग परत दिला.

"नहीं करूँगी."

रश्मीला आधी समजलंच नाही. ती पेन पुढे करून उभी होती.

"तेरा हाथ मैंने खाया है," बाई म्हणाल्या. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते. "कोमल ने भी खाया. मैं किसी और की मोडी को उसके आगे खडा नहीं कर सकती."

"आपने माना था मैं लडकी हूँ."

"है."

"तो?"

"लडकी है. कोई आके बोले नहीं है, तो उसका मुँह तोड दूँगी. पर दस्तखत नहीं करूँगी."

"तो मैं कहाँ लडूँ, बाईसाब? लडकों में? वहाँ सात थे. इधर आप नहीं. कहाँ लडूँ?"

बाईंनी कापूस पुन्हा तोंडात घातला. रश्मीने माझ्या टेबलावरचा ट्रे भिंतीवर फेकून मारला. हत्यारं सगळीकडे उडाली. मग ती जिना उतरून गेली.

"डॉक्टर," बाईंनी विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

मी म्हटलं, "बरोबर केलंत."

"तुम्ही मार खाल्लाय?"

"नाही."

"मग गप बसा."

त्यानंतर रश्मी गोदामात आली नाही. बाई मुरारच्या त्या दुकानात तीनदा जाऊन आल्या. ती आतल्या खोलीत बसून राहायची आणि मालक सांगायचा, नाही आहे. बाईंनी नव्या मुलींचे ठोसे अंगावर घेणं बंद केलं. काटा पुसून मधोमध आणून ठेवला. मारणं मात्र कमी झालं नाही. उलट वाढलं, आणि आता त्यात मजा नव्हती. कोमलचा जबडा सांधला. पोर जिद्दीची, पुढल्या वर्षी पुन्हा उभी राहिली.

त्या वर्षीची जिल्ह्याची फायनल पाहायला मी गेलो. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. कोमलने समोरच्या मुलीला दुसऱ्या राउंडमध्ये इतकं बदडलं, की पंचाने लढत थांबवली. मुलीचा चेहरा रक्ताने माखला होता आणि सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. पंचाने कोमलचा हात वर केला, नाव पुकारलं. बाई मात्र रिंगकडे बघत नव्हत्या, वरच्या बाकांकडे बघत होत्या.

थोड्या वेळाने मी त्यांना शोधत मागे गेलो. बाकांच्या खाली, लोखंडी खांबांच्या मध्ये त्या एकट्या उभ्या होत्या.

"रश्मी आली होती," त्या म्हणाल्या. "वर, शेवटच्या रांगेत. पूर्ण लढत पाहिली. कोमलचं नाव पुकारलं ना, तेव्हा उठून टाळ्या वाजवल्या तिने."

"मग चांगलंच झालं की, बाई. मनातून काढून टाकलं म्हणायचं तिने."

"चांगलं?" बाई माझ्यावर खेकसल्या. "डॉक्टर, तो हात तुम्ही पाहिलाय. टाळ्या वाजवायला होता तो हात?"

आणि त्यांनी समोरच्या खांबावर ठोसा मारला. नुसत्या मुठीने. पुन्हा मारला. मी दंड धरायला गेलो तर मला झटकून दिलं आणि तिसऱ्यांदा मारला. खांबावर रक्त लागलं. तेवढ्यात बाहेरून कोमलची हाक आली, "बाईसाब, फोटो! जल्दी आओ!"

बाईंनी एकदा नाक पुसलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. कोमल मध्ये आहे, गळ्यात पदक, आजूबाजूला मुली, सगळ्यांनी हात उंच उचललेत. बाई कडेला आहेत. त्यांचा उजवा हात जॅकेटच्या खिशात आहे.